अकरावा रकाना

मिरजेत मला थुंकीवाल्या बाई म्हणतात. माझं नाव डॉ. कल्याणी हेरवाडे. पण रिक्षात बसून 'हेरवाडे मॅडमच्या लॅबला' म्हटलं की रिक्षावाला मागं वळून विचारतो, "कंची? थुंकीची काय?" मला त्याचा कधी राग आला नाही, उलट अभिमानच वाटायचा. वीस वर्षं मी लोकांची लाळ हाताळते आहे. तंबाखूची, पानाची, तापातली, न धुतलेल्या तोंडाची, सगळ्या तऱ्हेची लाळ माझ्या हातांखालून गेली आणि मी एकदाही नाक मुरडलं नाही. भाषणात हे वाक्य मी हमखास टाकायचे आणि टाळ्या घ्यायचे.

आता ते वाक्य मी म्हणत नाही. का म्हणत नाही, ते सांगायची लाज वाटते, म्हणूनच एकदा नीट सांगून टाकते.

आधी लाळेचं. शरीरातल्या पेशीत डीएनए असतो, तो जन्मभर तोच. आरएनए मात्र घडोघडी बदलतो; पेशी आत्ता या क्षणी काय करते आहे, ते त्यावरून कळतं. माझे सासरे, अण्णा, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. मिरज स्थानकावर भोंग्यातून गाड्या पुकारायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. मी नवी सून असताना त्यांना हे समजावत होते, तर मला मध्येच थांबवून म्हणाले, "म्हणजे डीएनए हे भिंतीवरचं वेळापत्रक, आणि आरएनए म्हणजे मी. फलाटाला आत्ता कुठली गाडी लागली ते सांगणारा." याहून सोपं मला आजवर सांगता आलेलं नाही. भाषणात मी हेही वापरायचे, त्यांचं नाव न घेता.

अडचण ही की आरएनए टिकत नाही. लाळेत त्याचे तुकडे पाडणारी एन्झाइम ठासून भरलेली असतात. शिवाय तोंडात कोट्यवधी जिवाणू, त्यांचा आरएनए वेगळाच. थुंकी नळीत पडल्यापासून थोड्याच वेळात माणसाच्या आरएनएचा चुरा होतो आणि जिवाणूंच्या गर्दीत तो सापडेनासा होतो. त्याची प्रत, म्हणजे तो किती अखंड राहिला आहे ते, एक ते दहा अशा आकड्यात मोजतात, आणि आमच्या कामाला सातच्या खालची प्रत चालत नाही. आमच्या लॅबनं नळीच्या तळाशी एक खारट द्रव भरला. थुंकी त्यात पडली की पेशी फुटतात आणि एन्झाइम तिथल्या तिथे लुळी पडतात. मग चुंबकाला चिकटणारे बारीक कण सोडायचे, ते फक्त माणसाचाच आरएनए धरून ठेवतात, बाकीचं धुऊन टाकायचं. साध्या टपालानं चार दिवस प्रवास केलेल्या नळीतूनही आम्हाला आठ-साडेआठ प्रत मिळायला लागली.

एवढा चांगला आरएनए हाती आल्यावर त्यात काय काय दिसतं ते आम्ही बघत सुटलो, आणि सगळ्यांत स्पष्ट दिसली ती भूक. एक वेळ न जेवलेल्या माणसाची नव्हे. महिनोन्‌महिने कमी खाणाऱ्या माणसाच्या लालाग्रंथी पिष्ट पचवायचं सामान बनवणं हळूहळू सोडून देतात. भाकरी येतच नाही तर तयारी कशाला करायची, असा त्यांचा हिशेब. त्याच वेळी स्नायू मोडून जगण्याच्या खुणा वाढतात. दोन्ही एकत्र दिसल्या की तो माणूस खूप दिवस अर्धपोटी आहे, हे तो काही न बोलता कळतं.

यावरून 'ज्येष्ठ पोषण तपासणी' नावाची योजना उभी राहिली. पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला दर तीन महिन्यांनी घरपोच नळी मिळणार. त्यांनी थुंकायचं आणि नळी परत पाठवायची. अहवाल हिरवा, पिवळा किंवा तांबडा. तांबडा आला तर तपासणी अधिकारी घरी येणार आणि म्हाताऱ्या माणसाला विचारणार की इथंच राहायचं की सरकारी निवासात जायचं. बड्या बंगल्यांतून तांबडे अहवाल यायला लागले, पेपरांत छापून आलं. पोराबाळांनी भरलेल्या घरात आई उपाशी, वगैरे. मी टीव्हीवर जाऊन मुलासुनांना चार शब्द सुनावले. ते चित्रण अजून कुठंतरी असेल.

एकच घोळ झाला होता. पहिल्याच वर्षी चातुर्मासात तांबड्या अहवालांचा पूर आला. कुणाचं एकभुक्त, कुणाचे धारणे-पारणे, म्हणजे एक दिवस जेवायचं आणि एक दिवस नाही, असं चार महिने. व्रतातला उपास आणि उपासमार यांतला फरक लाळेला कळत नाही. म्हणून फॉर्मवर अकरावा रकाना मी घातला: 'व्रत/उपास असल्यास नोंदवावे.' तो भरला की अहवाल बाजूला ठेवतात. पळवाट होऊ नये म्हणून त्याखाली एक वाक्यही मीच लिहिलं होतं, पण ते पुढं येईलच.

हे सगळं इतर जिल्ह्यांत झालं; मिरजेत योजना पोचली ती त्यानंतर, २०४१ सालच्या आषाढात.

श्रावणातल्या एका दुपारी तबस्सुम माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तबस्सुम मुजावर माझी पहिली सहायक, बारा वर्षं बरोबर. हातात एकच कागद होता आणि तो ती मला देत नव्हती.

"मॅडम, हा तांबडा आलाय."

"मग? पाठव विभागाकडे."

"पत्ता बघा की आधी."

पत्ता माझाच होता. विश्वनाथ हेरवाडे, वय एकोणऐंशी.

"नळी बदलली असेल," मी म्हणाले.

"दोनदा ताडून बघितली."

"मग नमुना खराब असेल. तुकडे झालेल्या आरएनएवरून काहीही दिसतं."

तबस्सुम माझ्याकडे न बघता म्हणाली, "प्रत नऊ पूर्णांक एक आहे, मॅडम. आजच्या सगळ्यांत चांगली."

वीस वर्षं ज्या आकड्यासाठी मी जीव आटवला, तो माझ्यासमोर होता, आणि मी पेन काढून शेऱ्यात लिहिलं: 'नमुना खराब. फेरनमुना घ्यावा.' खाली सही केली. तबस्सुमनं कागद उचलला आणि गेली. त्या दिवशी तिनं माझ्याबरोबर चहा घेतला नाही.

घरी जाताना मी स्वतःशी भांडत होते. आमच्या घरात खायला कमी नव्हतं. नवरा हृषीकेश राजस्थानात सौर प्रकल्पावर, दोन महिन्यांनी एकदा येणारा. घरात मी आणि अण्णा. स्वयंपाकयंत्र मी स्वतः लावून दिलेलं होतं: ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, कोशिंबीर. अण्णांच्या साखरेसाठी भात बंद. यंत्राला कुलूपही मीच घातलं होतं, आणि त्यांचं ताट रोज धुतल्यासारखं स्वच्छ बाहेर यायचं.

त्या दिवशी मी न सांगता लवकर गेले होते. अण्णा मागच्या गच्चीत उभे होते आणि भाकरीचे तुकडे खाली सोसायटीच्या कुत्र्याला टाकत होते. खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली. ही हाडं मी रोज बघत होते, पण मला ती त्या दिवशी दिसली.

"अण्णा, हे काय?"

ते दचकले. तोंडावर हात ठेवून म्हणाले, "जास्तीची होती गं. बिचारं वाट बघतंय कधीचं."

हाताआडून त्यांचे शब्द फुसफुसत आले. त्यांच्या तोंडात कवळी नव्हती. मग मी आत जाऊन त्यांचा खण उघडला, न विचारता. कवळी रुमालात बांधलेली होती, कोरडी ठणठणीत, कित्येक महिने पाणी न लागलेली. आणि मला फाल्गुनातलं ते जेवण आठवलं.

आमच्या नळीला बक्षीस मिळालं, तेव्हा बंगळूरहून दोन शास्त्रज्ञ घरी जेवायला आले होते. लाळ ही किती पवित्र वस्तू आहे, यावर मी त्यांना अर्धा तास ऐकवलं. मग जेवायला बसलो. अण्णांच्या कवळीत उसळीचा दाणा अडकला. त्यांनी सवयीनं ती काढली, भांड्यातल्या पाण्यात खळखळ हलवली आणि परत घातली. मी हसत हसत सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, ते आत जाऊन करा हो. आम्हाला घास उतरायचा नाही." पाहुणे हसले. अण्णाही हसले. "बरं बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते ताट खोलीत न्यायला लागले. "मला लवकर भूक लागते," असं कारण दिलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. ते पाणी, तो आवाज, बेसिनवरची ती वाटी, सगळ्याचीच मला किळस यायची. जगभराच्या थुंकीत हात घालणारी मी, घरातल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडाची मला किळस यायची. पुढं वजन उतरलं तशी हिरडी आटली, कवळी ढिली झाली, घालणंच सुटलं. रोपणाचे दात बसवायला जबड्यात हाड नव्हतं, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. बिनदाताच्या माणसाला ज्वारीची भाकरी आणि मोडाची उसळ मी सहा महिने वाढत होते. मऊ भात मागायचा तर दातांचा विषय काढावा लागणार, म्हणून त्यांनी तो मागितला नाही. चहात बुडवलेली बिस्किटं आणि केळी, एवढ्यावर ते राहिले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मी त्यांना काही विचारलं नाही. यंत्राचं कुलूप काढून भात लावला, वरण पातळ केलं आणि ताट त्यांच्या दाराशी ठेवून आले. माफी मागायची तर ते वाक्य पुन्हा उच्चारायला लागलं असतं, आणि माझी तेवढी हिंमत नव्हती.

फेरनमुना दुसऱ्या गावच्या लॅबमध्ये तपासतात. हाही नियम माझाच, लबाडी होऊ नये म्हणून केलेला. पंधरा दिवसांच्या भातानं सहा महिन्यांची भूक पुसली जात नाही. अहवाल पुन्हा तांबडा आला.

तपासणी अधिकारी सकाळी दहाला आली. ऋतुजा लोखंडे, असेल सव्वीस-सत्तावीसची. मला बघून ती बिचारीच ओशाळली. कॉलेजात तिनं माझं भाषण ऐकलं होतं म्हणे.

"मॅडम, सगळ्यांना विचारते तेवढंच विचारणार आहे," ती म्हणाली आणि अण्णांकडे वळली. "आजोबा, जेवण कमी का होतंय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा बोलले. ओठ जवळजवळ मिटून, सावकाश. "चातुर्मास हाय न्हवं. धारणे-पारणे धरलेत मी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या माणसानं जन्मात एकादशी केली नव्हती. सासूबाई जिवंत असताना त्यांच्या उपासाची थट्टा करत समोर बसून भजी खायचे.

"कधीपासून?"

"ह्याच वर्षी. वय झालं आता, देवाचं काहीतरी करावं म्हटलं."

ऋतुजाचा चेहरा मोकळा झाला. "मग काहीच प्रश्न नाही. अकरावा रकाना भरते." तिनं टॅबवर दोन खुणा केल्या. "फक्त घरच्यांची एक सही लागते. मी वाचून दाखवते, तसा नियमच आहे." आणि तिनं माझंच वाक्य मला वाचून दाखवलं: "वरील उपास ज्येष्ठाने स्वतःच्या इच्छेने धरला असून तो घरातील कोणाच्याही बोलण्यामुळे किंवा वागण्यामुळे नाही, असे मी प्रतिज्ञेवर सांगते."

टॅब माझ्यासमोर आला. अण्णा डोळ्यांनी खुणावत होते, कर सही, कर. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माझं नाव पेपरात येऊ नये एवढीच त्यांची धडपड होती, आणि तेच मला सोसवेना.

"ते खोटं सांगतायत," मी म्हणाले. "व्रत वगैरे काही नाही. त्यांच्या तोंडात दात नाहीत. कवळी बसत नाही, आणि मी एकदा पाहुण्यांसमोर त्यांच्या कवळीला नावं ठेवली, म्हणून ते माझ्यासमोर जेवत नाहीत. पहिला नमुनाही खराब नव्हता. मी खोटा शेरा मारला. हे सगळं लिहून घ्या."

भडाभडा बोलले आणि क्षणभर मला हलकं वाटलं. मग माझं अण्णांकडे लक्ष गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. कानांपर्यंत लाल झाले होते.

"गप बस की गं," हातांआडून ते म्हणाले. "परक्या पोरीसमोर कशाला माझ्या तोंडाचं?"

तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. फाल्गुनात जे केलं तेच पुन्हा केलं होतं. तेव्हा हसत केलं, या वेळी रडत केलं, पण त्यांचं तोंड दुसऱ्यांदा पाहुण्यांसमोर उघडं पाडलं ते मीच.

ऋतुजा खाली मान घालून टाइप करत राहिली. नियमाप्रमाणे शेवटचा प्रश्न तिनं त्यांना एकट्यालाच विचारायचा होता. मी उठून आत गेले. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू येत होतं.

"आजोबा, इथंच राहायचंय की निवासात जाताय? आपल्या इथं कुपवाड रस्त्याला आहे. कसली जबरदस्ती नाही."

अण्णांनी खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला.

"तिथं समदी म्हातारीच असतील न्हवं?"

"हो, सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे."

"म्हणजे समदी बोळकीच." ते किंचित हसल्याचं मला ऐकू आलं. "मग जातो. सुनेची काही तक्रार नाही, तसं लिहा. पोरगी चांगली आहे. पण जेवताना लाजायला लागतं बघा हितं."

त्याच आठवड्यात ते निवासात गेले. मी अडवलं, हृषीकेश विमानानं येऊन रडला, पण त्यांनी मनावर घेतलं होतं. निघताना मी पाया पडले आणि "अण्णा, चुकलं माझं" एवढं कसंबसं म्हणाले. "ते कधीच विसरलो मी," ते म्हणाले, तोंडावर रुमाल धरून.

माझ्यावर चौकशी बसली. सहा महिने सहीचा अधिकार काढून घेतला. कमीच झालं, असं मला वाटतं. तबस्सुम आता माझ्याबरोबर पुन्हा चहा घेते. मार्गशीर्षात तिनं एक हिरवा अहवाल माझ्यासमोर ठेवला. विश्वनाथ हेरवाडे, भुकेच्या खुणा नाहीत. अहवालावर सही तिची होती, आणि मी तो तीनदा वाचला. माझ्या घरात जे झालं नाही ते तिथं तीन महिन्यांत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुपवाड रस्त्याच्या निवासात गेले. न कळवताच, कारण कळवलं असतं तर ते आधीच जेवून तयार बसले असते. जेवणघर पहिल्या मजल्यावर. लांब टेबलाला पंधरा-वीस म्हातारेम्हाताऱ्या, समोर वाफाळणारी गुरगुट्या भाताची ताटं, वर तूप. सगळ्यांची तोंडं चालू होती, आवाज होत होते, हनुवट्या बरबटल्या होत्या. अण्णा मध्यभागी होते. गालांवर मांस आलं होतं. शेजारच्या आजींना ते काहीतरी सांगत होते आणि भरल्या तोंडानं, ते उघडं बोळकं दाखवत, खदाखदा हसत होते. त्यांना असं हसताना मी कैक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग त्यांची नजर दाराकडे आली.

हसणं तिथंच थांबलं. त्यांनी घाईनं हनुवटी पुसली, ओठ मिटले आणि ताट थोडं पुढं सरकवलं. अर्धं भरलेलं ताट.

"ये ये, कल्याणी," ओठ मिटूनच ते म्हणाले. "बस. कशी काय आज इकडं?"

मी जवळ गेले. तोंड बघायला नको म्हणून ताटाकडे बघितलं, आणि ताटाकडे बघते असं त्यांना वाटू नये म्हणून खिडकीकडे. भातावरचं तूप गोठायला लागलं होतं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "जेवा की हो, सूनच आहे न्हवं?" अण्णा नुसते मान हलवत राहिले.

"सहज डोकावले," मी म्हणाले. "कामावर जायचंय, खाली रिक्षा उभी आहे. रविवारी सावकाश येते, चारच्या सुमाराला."

"हां, चारला ये," ते लगेच म्हणाले. चेहऱ्यावर सुटका दिसली.

खाली रिक्षा नव्हती. मी जिन्याशी आले आणि पायऱ्या पाय आपटत, वर नीट ऐकू जाईल अशा उतरले.